लेकीसाठी भरलेली अंगाई

सोमवारी सौंदर्याच्या घशाचं ऑपरेशन होतं. त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून पाळण्यातल्या लेकीसाठी तिची अंगाई कॉम्प्युटरवर भरून ठेवायची होती.

"फुकटच्या सॉफ्टवेअरात गिटार पत्र्यागत वाजती," म्हणत तिच्या नवऱ्यानं, राजशेखरनं, रेकॉर्डिंगच्या महागड्या सॉफ्टवेअरचा डेमो कॉम्प्युटरवर घातला.

गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा आटोपून ती दुखऱ्या गळ्यानं अख्खी अंगाई गायली. त्यानं गिटार खाली ठेवून सेव्ह दाबलं, तर विकत घेतल्याशिवाय सेव्ह होणार नाही, असं दाखवून डेमो बंद पडला. गाणं गेलं.

"आधी वाचायचं न्हाय व्हय?" तो स्वतःवरच करवादला.

"आवो, फुकटचं लावा की," ती म्हणाली. त्यानं ते लावून पुन्हा गिटार घेतली. तिनं सूर लावला, पण नुसती हवा निघाली. राजशेखरचा हात तारांवरच थांबला.

"थांबू नका," ती कुजबुजली. "निघंल तेवढं घ्या."