एक पूर्णांक दोन दशांश

वाल्मिकदादाकडे शर्यतीची मोटारसायकल शिकायची तर वेळ विचारायची नाही, हा पहिला नियम. मीटरच्या काचेवर तो स्वतःच्या हाताने काळी टेप चिकटवायचा, मोबाइल गेटवरच्या केबिनमध्ये जमा करायला लावायचा. फेऱ्या संपल्यावर कुणी चुकून "किती आली, दादा?" म्हणालंच, तर त्या माणसाला त्या रविवारी आकडा मिळायचाच नाही. "आकडा डोक्यात शिरला की वळणावर नजर राहत नाय," हे त्याचं कारण. वेळ सांगायची ती चहा झाल्यावर, सगळ्यांसमोर, त्याच्या मर्जीने.

कर्जत-चौक रस्त्यालगतच्या एका प्लॉटिंगमध्ये ही शिकवणी चालायची. बारा-पंधरा वर्षांपूर्वी तिथे कमान उभी राहिली, डांबरी रस्ते झाले, दिव्यांचे खांब लागले. बंगले मात्र तीनच झाले. बाकी रस्ते गवताला वळसे घालत पडून होते. त्यातला आठशे मीटरचा, पाच वळणांचा एक वळसा दादाने आपला मानला होता. तो पूर्वी चेन्नईला शर्यती खेळायचा. घोटा मोडला आणि लोधिवलीला जुन्या हायवेवर गॅरेज टाकून बसला. गॅरेजच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलं होतं: ४८.६. या वळशावर दहा फेऱ्यांची दादाची सरासरी. त्याखाली दुसरा आकडा आजवर लिहिला गेला नव्हता.

नम्रता शेलूची. वय चोवीस, खालापूरच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि दोन वर्षं एकही रविवार तिने चुकवला नव्हता. रविवार मोकळा राहावा म्हणून इतरांच्या नको असलेल्या शिफ्ट ती अंगावर घ्यायची. गाडीवरचं वजन कमी कर, असं दादा म्हणाला म्हणून सहा किलो उतरली होती. पुण्याची एक टीम यंदा नवा रायडर घेणार होती आणि दादाच्या शब्दावर घेणार होती. वय पंचविसाच्या आत हवं. दादाची अट एकच: सरासरी एकोणपन्नासच्या आत. नम्रताला ऑगस्टमध्ये पंचवीस पूर्ण होणार होती, म्हणजे तिच्यासाठी हेच वर्ष होतं. नाव सोमवारी संध्याकाळी सातपर्यंत कळवायचं होतं.

शेवटच्या रविवारी ती अशी चालवून आली की उतरल्यावर तिचं तिलाच हसू आलं. नाल्याजवळच्या तिसऱ्या वळणाला आजवर ती ब्रेक आधीच सोडून द्यायची आणि पुढचं चाक बाहेर पळायचं. आज दोन बोटांनी दाब शेवटपर्यंत धरला, गाडी जसजशी झुकली तसतसा सोडला, आणि चाक आखल्यासारखं आतल्या कडेने गेलं. दहाही वेळा.

चहा झाला. दादाने वही उघडली.

"रूपेश. एकोणपन्नास पूर्णांक दोन. नम्रता, एकोणपन्नास पूर्णांक चार." वही मिटली. "कुणाचंच नाव जाणार नाय."

रूपेश हा तिच्या बरोबरीचा, रसायनीच्या एका गोदामात कामाला. तोही हरला होता, पण दोन दशांशांनी पुढे होता. "नमे, अजून मागंच गं तू," तो म्हणाला.

 नम्रताचं अंग एक सांगत होतं, आकडा दुसरं. प्रयोगशाळेत असं झालं तर ती आकड्यावर विश्वास ठेवायची. इथेही तिने तेच केलं.

दुपारी नेहमीप्रमाणे गॅरेजमधल्या टीव्हीवर सुपरबाइकची शर्यत लागली. दुसऱ्याच फेरीला दादाने चित्र थांबवलं. पडद्यावर एक रायडर ब्रेक मारत होता, मागचं चाक जमिनीपासून वीतभर वर.

"ह्याची पाठ बघ. आणि तुजी? पोत्यावानी. चल, बस गाडीवर."

स्टँडवर उभ्या गाडीवर ती बसली. ढोपर बाहेर, कंबर सीटवरून अर्धी खाली, हनुवटी आरशाच्या रेषेत.

"आता हितंच राहायचं. रेस संपेस्तोवर."

अजून अठरा फेऱ्या होत्या. सहाव्या फेरीला मांड्या थरथरू लागल्या, दहाव्याला घाम डोळ्यांत गेला. दादा रेस बघत होता. मधूनच न बघता म्हणायचा, "कंबर वर आली." एक-दोन पोरं आधी हसली, नंतर त्यांनी टीव्हीकडे तोंडं केली. रूपेश वडापाव खात होता. कुणीतरी जिंकलं, पोडियमवर गाणं वाजलं, तेव्हा दादा म्हणाला, "उतर." तिला पाय सरळ करता येईना. गाडीचा आधार घेऊन ती उतरली तेव्हा तो म्हणाला, "एवढं सोसवत नाय आणि पुण्याला जायला निघाल्या बाई."

सोमवारी सकाळी कामावर जाताना ती प्लॉटिंगच्या गेटवर थांबली. हातमोजे केबिनमध्ये राहिले होते. वॉचमन गोमाकाका डोंगरातल्या वाडीचा, दहा वर्षं याच गेटवर होता. त्याने मोजे दिले आणि कौतुकाने म्हणाला, "ताई, तुजी गाडी टीव्हीत दिसते. बघायची?"

गेल्या महिन्यात सोसायटीने गेटवर कॅमेरा बसवला होता. वळशाचा एक तुकडा गेटसमोरूनच जायचा. गोमाकाकाने कालचं चित्र लावलं. लाल हेल्मेट आलं, गेलं, पुन्हा आलं. कोपऱ्यात वेळ पळत होती: तास, मिनिटं, सेकंद.

कॅमेऱ्याचं घड्याळ तीन मिनिटं मागे होतं, पण त्याने काही बिघडत नव्हतं. दोन वेळांमधला फरकच हवा होता. नुसत्या सेकंदांवर एक फेरी मोजली तर चूक जवळजवळ एका सेकंदाची, पण दहा फेऱ्या एकत्र मोजल्या तर ती दहात वाटली जाते, दशांशावर येते. तिने पहिल्यांदा गेटसमोरून गेल्याची वेळ लिहिली, मग अकराव्यांदा गेल्याची. आठ मिनिटं दोन सेकंद. चारशे ब्याऐंशी. भागिले दहा.

अट्ठेचाळीस पूर्णांक दोन.

"काका, आधीचे रविवार आहेत?"

"महिन्याचं हाय. मंग पुसून जातं."

चार रविवार मिळाले. दादाने सांगितलेले आकडे तिला पाठ होते: पन्नास एक, एकोणपन्नास नऊ, एकोणपन्नास सहा, एकोणपन्नास चार. कॅमेऱ्यातले निघाले अट्ठेचाळीस नऊ, अट्ठेचाळीस सात, अट्ठेचाळीस चार, अट्ठेचाळीस दोन. शेवटचे दोन तर गॅरेजच्या भिंतीवरच्या ४८.६च्याही आत. प्रत्येक वेळी फरक एक पूर्णांक दोन. दादाने स्टॉपवॉचचं बटण उशिरा दाबलं असतं तर फरक कधी कमी, कधी जास्त आला असता. चूक अशी एकसारखी नसते. हे बेरीज करून सांगितलेले आकडे होते.

तिने कंपनीत फोन करून रजा कळवली आणि निळ्या हेल्मेटच्या फेऱ्याही मोजल्या. निळं हेल्मेट रूपेशचं.

चार रविवारांचं चित्र मागे-पुढे करण्यात दिवस गेला; साडेपाचला ती गॅरेजमध्ये पोचली. दादा एका गाडीच्या मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरची स्प्रिंग कसत होता, रूपेश गाडी सरळ धरून उभा होता. तिने कागद बाकावर ठेवला. दादाने हात पुसले, वाचला, घडी घालून परत दिला.

"मोजलंस बराबर."

"का केलंत, दादा?"

"पन्नास सांगितले म्हणून अट्ठेचाळीस काढलेस. खरं सांगितलं असतं तर एकोणपन्नासवर बसली असतीस पेढे वाटीत."

ते खोटं आहे असं तिला छातीठोक म्हणता येईना. "मग आता सांगा," ती म्हणाली. "अजून दीड तास आहे. पुण्याला फोन करा."

 दादाने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"साहेब, एक पोरगी हाय. अट्ठेचाळीस पूर्णांक दोन."

"दहाची सरासरी?" पलीकडून विचारलं.

"दहाची."

"अहो, मग सकाळपासून गप्प का? पाठवा की."

 दादा तिच्याकडे बघतच बोलला. "वेळ चांगली हाय. पण एक सांगतो. पुढं कुणी पडलं का तिचा हात ब्रेकवर आखडतो. मागं एक पोरगा पडला तं आठ दिवस गाडीवर बसली नाय. रेसमदी पडणारे तं असतातच."

"खोटं आहे," नम्रता म्हणाली. "असं कधीच झालं नाही."

"कोण बोलतंय?"

"तीच. हितंच हाय," दादा म्हणाला. "आवाज ऐका तिचा. नुसत्या फोनला कापतोय."

आवाज कापत होताच. ती आणखी काही बोलली तर अजून कापणार होता.

"आणखी कोण आहे तिथे? तिच्याबरोबर चालवणारं?"

दादाने फोन रूपेशच्या दिशेने धरला. रूपेशने नम्रताकडे पाहिलं. मग हातातल्या हँडलकडे. त्याने फक्त 'नाही' म्हटलं असतं तरी पुरे होतं.

"म्हंजे... थोडं हाय तसं," रूपेश म्हणाला.

"बरं. पुढच्या वर्षी बघू मग. अजून एक वर्ष तयार करा तिला." फोन बंद झाला.

दादा पुन्हा स्प्रिंगकडे वळला. "आकडा सांग म्हणालीस, सांगितला."

नम्रताने कागदाची घडी उलगडली. मागच्या बाजूला निळ्या हेल्मेटचे आकडे होते. रूपेशने गोदामात महिनाअखेर नोकरी सोडतो असं कळवून टाकलं होतं. आता पूर्णवेळ सराव, पुढच्या वर्षी आपलंच नाव जाणार, असं तो काल चहावर सगळ्यांना सांगत होता. तिला हे नीट आठवत होतं.

"रूपेश, काल तुझी एक्कावन्न पूर्णांक दोन आली," ती म्हणाली. आता आवाज कापत नव्हता.

"एकोणपन्नास दोन," रूपेश म्हणाला.

"ते दादाने सांगितले. माझ्यात तो एक पूर्णांक दोन मिळवायचा, तुझ्यातून दोन वजा करायचा. त्याआधीच्या रविवारी एक्कावन्न तीन. त्याआधी एक्कावन्न एक. त्याआधी पुन्हा एक्कावन्न दोन. महिनाभरात तू एक दशांशही सुधारला नाहीस."

"नमे, गप," दादा म्हणाला. पाना त्याच्या हातात तसाच राहिला होता.

"दहा फेऱ्यांत तू माझ्यामागे तीस सेकंद असतोस. शर्यतीत तुला अर्ध्या फेरीने मागे टाकतील. वर महिनाअखेरपासून नोकरीही नाही."

रूपेशने दादाकडे पाहिलं. दादाने नजर उचलली नाही, आणि तेवढ्याने रूपेशला कळायचं ते कळलं. त्याने धरलेली गाडी एका बाजूला कलली. दादाने घाईने पुढे होऊन ती सावरली, मोडक्या घोट्यावर भार आला तसा कळवळला. दोघांपैकी कुणीही त्याला हात दिला नाही.

"परत सांग," रूपेश म्हणाला.

तिने चारही आकडे परत सांगितले, सावकाश, दशांशासकट.