टोकाला चौथी बाजू असते

समुद्र परत येतो, हे साहेब, तुम्हांला माहीत होतं. म्हणून तर तुमचा तंबू वर माथ्यावर होता आणि सुग्रीवची पहार खाली खडकात. माहीत असून तुम्ही सांगितलं नाही. उलट मुकादमाच्या तोंडून गावाला कळवलंत, की गडी काम टाकून पळाला.

त्या पळालेल्या गड्याची बायको भिवराबाई घाटाच्या कडेवर बसली होती. मांजरसुंब्याच्या पुढं जिथं डोंगराची एक सोंड खालच्या रानात घुसली आहे, तिथं. शेजारी दीर त्रिंबक. शिमगा होऊन गेल्यावर तो परतला होता आणि दोन दिवस घरात गप्पच होता. शेवटी तीच त्याला म्हणाली होती, घरात नसेल बोलवत तर रानात चला.

दोघे भाऊ विहिरी खोदणारे. काळ्या दगडाला कुठं चीर आहे हे पहारीच्या आवाजावरून ओळखणारे. त्या साली पाऊस नव्हता, पीक नाही म्हणून पैसा नाही, विहिरी कोणी काढीना. सुंदरराव मुकादमानं सांगितलं, इंग्रजी मुलखात समुद्रात शिरलेलं एक टोक आहे, तिथं जहाजांसाठी दिव्याचा मनोरा बांधायचाय, दगड फोडणारे हवेत. दोघे गेले. संक्रांतीला मुकादम एकटा आला आणि सुग्रीव पळाल्याचं चावडीत सांगून गेला. त्या संक्रांतीला बायांनी भिवराला वाण दिलं, कुंकू लावलं आणि पाठ वळताच हसल्या. कोकणात दुसरी केली असेल, म्हणाल्या. तिला राग आला, पण रागाच्या खाली थोडं बरंही वाटलं. पळाला म्हणजे जिवंत आहे.

"ही सोंड हाय न्हवं, वैनी," त्रिंबक म्हणाला, "असंच हाय ते टोक. बैलानं पाणी प्यायला मान लांबवावी तसं. खाली रान दिसतंय तिथं समदं पाणी समजा."

मग तो बोलत राहिला. दगड आपलाच, काळा. पण खाऱ्या पाण्यानं खाऊन चाळणी केलेला, वर शिंपल्यांची धार, अनवाणी पाऊल ठेवलं की रक्त. झाड एकसुद्धा सरळ नाही. वारा एकाच अंगानं येतो, त्यामुळं झुडपं पाठ वळवून वाकलेली. छिन्नीला आठवड्यात गंज. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागायचं. आणि तरी सुग्रीवला ती जागा आवडली होती. कामावर लागायच्या आदल्या संध्याकाळी तो टोकावर बसून राहिला. म्हणाला, आपल्या डोंगराचाच भाऊ हाय ह्यो, फकस्त पाण्यात उभा केलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरलं होतं. टोकाच्या पुढं काळ्या खडकाची फरशी उघडी पडली होती आणि तिच्याही पलीकडं एक उंचवटा, मधे कोरडी घळ. दगड तिथला चांगला होता. मुकादमानं बोट दाखवलं, सुग्रीव गेला.

"त्यो म्हणला, पूर वसरला, आता येत न्हाई. आमी गोदाकाठाला विहिरी काढल्यात, वैनी. पूर उतरला की पुन्यांदा पाऊस पडंस्तोर नदीत निजावं. आमाला काय ठावं, हितं पाऊस नसताना पाणी फिरतंय."

सुग्रीवनं हत्यारं तिथंच मांडली, पटका काढून दगडाखाली ठेवला. नदीकाठच्या माणसाला पाणी कुठून येतं हे माहीत असतं. ते वरून येतं. म्हणून तो मधूनमधून समोर, उघड्या समुद्राकडं नजर टाकत होता. पाणी मागून आलं. आधी घळ भरली. त्रिंबकनं हाका मारल्या, वाऱ्यानं त्या त्यालाच परत दिल्या. सुग्रीवनं वळून बघितलं तेव्हा त्याच्या आणि टोकाच्या मधे पाणी उकळत होतं.

"पवता येत व्हतं त्यास्नी," भिवराबाई म्हणाली.

"विहिरीत पवता येत व्हतं. त्या पाण्यात मानूस पवत न्हाई. पानी त्याला दगडावर घासतंय. मढंबी घावलं न्हाई."

तिनं सोंडेच्या दोन्ही अंगाला खालचं रान बघितलं. थोडीफार आलेली ज्वारी निघून गेली होती, रान उघडं होतं. मग तिनं विचारलं, पळायचंच म्हटलं, तर तिथून कोणत्या वाटेनं पळता येतं?

"वाट? तीन अंगाला पानी. चवथ्या अंगाला टोक जमिनीला चिकटलंय, थितं फाटक. फाटकावर राखनदार. आमाला बाजारालाबी सोडत न्हवते, तुमी पळायचं काय बोलता."

त्याच आठवड्यात सुंदरराव मुकादम पुन्हा गावात आला. मनोरा अर्धा झाला होता, आणखी गडी हवे होते. चावडीत तो खाडीतल्या मासळीची चव सांगत होता आणि माणसं ऐकत होती. भिवराबाई चावडीच्या पायरीशी आली. बाया तिथं येत नाहीत. पाटील काही बोलायच्या आत तिनं मुकादमाला विचारलं, की तिचा नवरा कोणत्या बाजूनं गेला.

मुकादम हसला. "गेला असंल पवत. विहिरीचा गडी हाय, पान्याला भितो व्हय?"

दोघंतिघं हसले. त्रिंबक पुढं सरकला, तिनं हातानं मागं सारला.

"मग पटका कशापायी ठिवून गेला?"

मुकादमानं पाटलाकडं बघितलं. म्हणाला, "बाई, मी हुकमाचा मानूस. साह्यबांनी सांगितलं पळाला, मी पळाला म्हनलो. वरून जे आलं ते आलं."

साहेब, तुमचा शब्द आहे तोवर सुग्रीव मेलेला नाही. भटजी दहावा करायला तयार नाही. पिंड कोणाच्या नावानं ठेवायचा, म्हणतो. तिचं कपाळ अजून भरलेलं आहे, आणि विहिरीवर बाया त्या कुंकवाकडं बघून कुजबुजतात.

भिवराबाईनं पदराखालून दोन्ही हात पुढं केले. हिरव्या बांगड्या मनगटावर सैल झाल्या होत्या.

"मग वर जाऊन तुमच्या साह्यबाला इचारा," ती म्हणाली. "तीन अंगाला पानी, चवथ्याला त्याचं फाटक. माजा मालक पळाला असंल तर कोन्या अंगानं, ते सांगा म्हनावं. न्हाई तर मेला म्हना. म्हंजी मी ह्या फोडते."