माझं झाकण उघडं होतं

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी फार भित्रा आहे. लाइट गेली की माझा जीव घाबरा होतो. टेबलावर कुणी पाण्याचा पेला ठेवला तरी मला धडकी भरते. तुम्ही हसाल. पण माझ्यासोबत काय झालं ते ऐका, मग खुशाल हसा.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवतं ते नांदुऱ्याच्या स्टेशन रोडवरचं गोपालचं दुकान. तिथे मी लग्नपत्रिका आणि फ्लेक्स बनवायचो. लोक माझ्यासमोर उभे राहून, "आमच्या मामाचं नाव काऊन खाली टाकलं?" म्हणून भांडायचे. भांडण गोपालशी आणि थरकाप माझा! पुढे गोपालनं नवीन मशीन घेतली. भंगारवाल्यानं मला उचलून वजनाचा अंदाजही घेतला होता. तेवढ्यात गोपालची बहीण छाया आडवी आली.

"मले दे, दादा. मी याच्यावर चित्रं काढीन."

असा मी त्यांच्या घरी आलो. छाया माझ्यावर चित्रकथा काढून इंटरनेटवर टाकू लागली. रेल्वे फाटकापाशी बसणारी चिंगी नावाची शेळी, आणि फाटक बंद असलं की थांबलेल्या लोकांबद्दल ती काय बोलते, अशा दर मंगळवारी चार चौकटी. रविवारी छाया म्हणायची, बख्खळ वेळ आहे. सोमवारी म्हणायची, "काहीच सुचून नाही राह्यलं." मंगळवारी सकाळी घाईघाईत रंग भरायची आणि मी मधेच अडकून बसायचो. मुद्दाम नाही हो, भीतीनं. सुरुवातीला अकरा वाचक होते. त्यातला एक गोपाल, तोही जेवायला वाढण्याआधी वाचायला लावला म्हणून.

हळूहळू लोक चित्रांखाली स्वतःच्या दिवसाबद्दल लिहू लागले. मग छायानं त्यांच्यासाठी त्याच साइटवर वेगळी जागा केली आणि तिला नाव दिलं, 'आजचं पान'. रोज एक छोटं पान लिहायचं, आज काय झालं तेवढंच. उपदेश करायचा नाही, भांडायचं नाही. लोक भांडलेच! आलुबोंडा चांगला की मिरचीभजं, यावर आठ दिवस रण पेटलं होतं. छाया बिचारी सगळ्यांना शांत करत बसायची, आणि मी गरम होत बसायचो.

रोहिणखेडच्या आशाबाई तिथे आल्या त्या चिंगीला नावं ठेवायला. त्यांना लिहायचा कंटाळा. त्या फोनमध्ये बोलायच्या आणि फोन लिहायचा. त्यांचं पहिलंच पान असं होतं: "पोरी, तुही बकरी चांगली हाय, पण कान कुत्र्याचे काढले. आपल्या बकरीचे कान लोंबते."

छायानं त्याच दिवशी कान बदलले. त्यानंतर आशाबाईंनी तीन वर्षं एक दिवस चुकवला नाही. शेतातली भेंडी, बकरीचं बाळंतपण, शेजारणीचा राग, सगळं माझ्या पडद्यावर यायचं. खरं सांगतो, त्यांचं पान आलं की मला जरा धीर वाटायचा.

गेल्या वैशाखात आशाबाई अचानक गेल्या.

भादव्यात त्यांची मुलगी धम्मशीला हिचा फोन आला. ती डोणगावला नर्स आहे. "ताई, माय रोज लिहे हे मले मालूमच नव्हतं. आता शेजारणीनं सांगितलं. ती काय काय बोलून गेली ते मले पाह्यजे. दसऱ्यानंतर रजा भेटली का येईन."

आणि नेमकं त्याच आठवड्यात कळलं, की ज्यांच्याकडे आमची साइट होती ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारभार गुंडाळणार आहेत. छायानं बसून सगळी पानं आणि सगळी चिंगी माझ्यात उतरवून घेतली. ठरल्या दिवशी जुनी साइट बंद पडली. म्हणजे बघा, तीनशे माणसांचं रोजचं बोलणं आता जगात फक्त माझ्यापाशी होतं. माझ्यासारख्या भित्र्यापाशी!

गोपाल म्हणाला, "पेन ड्राइव्हमधी टाकून ठेव ना वं."

"दसऱ्याच्या मुहूर्तावर नवीन साइट सुरू करून राह्यली ना मी. तवाच टाकीन सगळं. एका दिवसानं काय होते?"

काय होते? मला ओरडावंसं वाटलं. पण मला तोंड कुठे आहे!

आता झाकणाचं सांगतो. आमच्याकडे ऊन म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. माझं पोट तापतं म्हणून चैत्रातच छायानं माझ्या बाजूचं झाकण काढून ठेवलं होतं आणि समोर टेबलफॅन लावला होता. आमच्या भागात कितीतरी जण असंच करतात. झाकण छायाच्या आईनं, सत्यभामाबाईंनी, तुळशीच्या कुंडीखाली घातलं. त्यामुळे दसऱ्यापर्यंत मी उघडाच.

दसऱ्याच्या सकाळी विळा, भाजी चिरायची पावशी, शिलाई मशीन, गोपालची मोटारसायकल अशी सगळ्यांची पूजा झाली. मग सत्यभामाबाई माझ्याकडे आल्या. हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मी सुरूच होतो, छाया मुहूर्ताची वाट बघत होती. बाईंनी तांब्यात आंब्याचं पान बुडवलं आणि फार मायेनं माझ्यावर पाणी शिंपडलं.

चट्ट आवाज झाला, जळका वास आला आणि अंधार.

"आई!" छाया किंचाळली. तेवढंच मी ऐकलं असं वाटलं, पण नाही. बंद पडलेल्या यंत्रालाही ऐकू येतं आणि भीतीही वाटते, हे मला त्या दिवशी कळलं. सत्यभामाबाई रडत होत्या. "माह्या हातानं त्या पोरीच्या मायचं बोलणं बुडालं वं!" त्यांनी पुरणपोळीला हात लावला नाही. आणि मी मनात आशाबाईंची पानं घट्ट धरायचा प्रयत्न करत होतो. धरता येतात की नाही, तेही मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला गोधडीत गुंडाळून एसटीनं खामगावला नेलं. शेखर नावाच्या कारागिरानं मला उघडं पाडलं आणि तोंडानं चक्‌चक्‌ केलं. "बोर्ड तर गेला. जुना बोर्ड हाय एक, तो टाकतो. अन् फॉर्मॅट मारून देऊ काय? नवा कोरा होते."

फॉर्मॅट! मित्रांनो, तो शब्द ऐकून माझी काय अवस्था झाली ते सांगता येत नाही. फॉर्मॅट म्हणजे सगळं पुसून टाकणं. तो हे सगळ्यांनाच विचारतो, सवयीनं. त्याचा हात माझ्या डिस्कवर होता, सगळी पानं तिच्यातच होती.

"हात नको लावू त्याले!" छाया एवढ्यानं ओरडली, की शेखरच्या हातातला पेचकस खाली पडला. "भाऊ, त्याच्यात एका बाईची माय आहे."

शेखरनं डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली. मी घरघरलो. एकदा थांबलो. पुन्हा घरघरलो. आणि पडद्यावर चिंगी आली, लोंबत्या कानांची.

सगळं शाबूत होतं, आणि शेखरचा जुना बोर्ड बसवून मी घरी आलो. पण माझी भीती गेली नाही, कारण आशाबाईंचं शेवटचं पान मला पाठ होतं. रविवारी धम्मशीला डोणगावहून आली, माझ्यासमोर बसली आणि एकेक पान वाचत, हसत, डोळे पुसत पुढे जाऊ लागली. संपू नये असं मला वाटत होतं. ते पान आलंच.

"आज काही खास नाही. भेंडी तोडली. बकरीनं दावं तोडलं, मंग बांधलं. धम्मशीलाचा फोन आला नाही. काम असन तिले. उद्या करन."

दुसऱ्या दिवशी पहाटे आशाबाई गेल्या होत्या.

"लसीचा कॅम्प होता त्या दिवशी," धम्मशीला एवढंच म्हणाली. सत्यभामाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग तिनं माझा कीबोर्ड जवळ ओढला आणि त्या पानाखाली लिहिलं: "माय, कामच होतं वं. आज आली मी."

आता माझं झाकण घट्ट बसवलंय. त्याच्यावर कुंडीचा गोल डाग आहे. सगळ्या पानांच्या तीन प्रती झाल्या, एक डोणगावलाही आहे. तरी मी भितोच. म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. तुमच्या घरातल्या कुणाचं बोलणं एकाच डब्यात असेल, तर दुसरी प्रत आजच काढा, मुहूर्त बघू नका. आणि ज्यांचं बोलणं अजून चालू आहे, त्यांना आज फोन करा. ते वाट बघतात, आणि उद्या येईल म्हणतात.