चार बोटांची सुरी

फौजेत एकवीस वर्सं काढली, पर माझ्या भणीएवढा कडक अधिकारी मला कवा भेटला न्हाई. राही माझ्याहून सात वर्सांनी धाकली. तिचा नवरा, म्हंजे आमचं दाजी, सादं माणूस, तोंडातनं शब्द काढायचं न्हाईत. मलकापुरातलं सगळं घर हीच हाकती. तिचा एकुलता एक ल्योक ऋषिराज. सरकारी भरतीच्या परीक्षा देऊन देऊन त्याच्या टाळूवरची केसं गेली. वयाची अट संपाय आली, म्हंजे आता एकच पेपर शिल्लक. आन् त्याच साली मेढ्याकडची संयोगिता नावाची चांगली शिकलेली पोरगी त्याला व्हय म्हणाली.

दोन्ही गोष्टी एका साली आल्या, हितवर ठीक हाय. पर परीक्षेची तारीख दोनदा पुढं ढकलली आन् बरोबर लग्नादिवशी येऊन बसली. सकाळी नऊला सांगलीत विश्रामबागला पेपर, आन् संध्याकाळी सहा पस्तीसला मलकापुरात अक्षता. कार्यालय ठरलेलं, पत्रिका वाटून झालेल्या. मी म्हणालो, दोन्ही बसतंय, गाडी मी चालवतो. सगळ्यांनी माना हलवल्या. राहीनं न्हाई हलवली.

तिचं म्हणणं असं, की हळद आदल्या दिवशी लागणार. हळद लागलेल्या नवरदेवानं लिंबू टोचलेली सुरी अंगावर घेतल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई. तिच्या सवताच्या लग्नात दाजींनी पायताण घालायला कट्यार मिनिटभर खाली ठिवली, आन् घोड्यानं लाथ हाणली. दाजी अजून लंगडत्यात. घोडं आधीच बिथरलेलं व्हतं असं ते म्हंत्यात, पर त्यांचं घरात कोण ऐकतंय. उलट परीक्षेच्या कागदावर ठळक छापलेलं, की धातूची कसलीबी वस्तू आत न्यायची न्हाई, साडेआठला गेट बंद. म्हंजे सुरी घेतली तर पेपर जातोय, आन् न घेतली तर राही पोराला घराबाहेर सोडत न्हाई. मी म्हणालो, ह्यावर एकच तोड हाय. अंगावर हाय का न्हाई कळणार न्हाई अशी बारीक सुरी हुडकायची.

ही कामगिरी मी सवता अंगावर घेतली. मला हत्यारातलं कळतं, असं माझं मत व्हतं.

पयली बगितली ती घरातली जुनी कट्यार. ऋषिराजच्या कमरेला बांधून त्याला खुर्चीवर बसवला आन् लिव्हायला लावलं. मूठ बरगडीत आन् टोक मांडीत. दोन तास पेपर लिव्हायचा तर त्याला परेडला हुबा केल्यागत ताठ बसावं लागलं असतं. मंग भाच्यानं मोबाईलवरनं एक मागवली, रोज जवळ ठिवायला परदेशातली माणसं वापरत्यात तसली. चांगली व्हती, मला लय आवडली. पर पातं काळं. राहीनं ती बगितली आन् हळदीच्या घरात काळी वस्तू आणणाऱ्याला जेवाय वाढायचं न्हाई असं जाहीर केलं. त्या दुपारी मी हॉटेलात जेवलो.

मंग मी घडीचा चाकू आणला. खिशात मावतो, टोचत न्हाई, मला वाटलं जिंकलो. तिनं तो उघडला, मिटला, परत उघडला, आन् माझ्याकडं कीव येऊन बगितलं.

"दादा, मिटलेलं पातं झोपलेलं असतंय. झोपलेलं हत्यार काय राखण करणार?"

मी चाकू खिशात घातला. सुरी सरळ, उघडी, कवाबी न मिटणारी पायजे असं ठरलं. लोखंडाची पायजे, आन् लिंबू टोचण्याइतकं तिला टोक पायजे. अडकित्ता दावला तर म्हणाली, ह्याला दोन तोंडं हाईत, कुठल्या तोंडानं काय बोलंल सांगता येत न्हाई. चिकू कापायची पिवळ्या मुठीची दातेरी सुरी दावली तर, ही सुरी हाय का कंगवा, असं इचारलं. मी चिडलो. तूच जा बाजारात म्हणालो. ती म्हणाली, जाते, आन् चप्पल घालायला लागली, तसा मीच परत गेलो.

शेवटी जाफरभाईकडं गेलो. ऊस तोडायचं कोयतं आन् इळं करणारा मलकापुरात त्याच्यासारखा दुसरा न्हाई. सगळी हकीकत त्यानं भाता थांबवून ऐकली, एकदाबी हसला न्हाई, ह्यातच त्याचं मोठेपण. त्यानं भाच्याला खाली बसवला, वाकवला, चालवला, शिंप्यागत कमरेचं माप घेतलं. पातं चार बोटांचं, मूठ तीन बोटांची असं ठरलं. मंग लिंबाची अडचण आली. त्याच्या आईनं, हाजराबीनं घरातनं तीन लिंबं आणली. मोठं लिंबू टोचलं की आख्खी सुरीच झाकती आन् धारबी दिसत न्हाई. तिन्हींतलं सगळ्यात बारीक लिंबू बसलं. ते सुपारीपेक्षा थोडं मोठं असंल. हाजराबीनं ते पदरानं पुसून ऋषिराजच्या हातात दिलं आन् आशीर्वाद दिला.

सुरी झाली सुरेख. बाभळीची मूठ, पात्यात तोंड दिसावं असं ते घासलेलं. पैसं देताना जाफरभाई हळूच म्हणाला, "सयाजीराव, सुरी मी बारीक केली. पर दारावरचं यंत्र तिला लोखंडच म्हणणार."

मी म्हणालो, त्याची काळजी तू करू नगंस. मी सरळ जाऊन सांगणार. वर्दी वर्दीला वळखती. आधी खरं सांगितलं की माणूस वाट देतो, हा माझा एकवीस वर्सांचा अनुभव. राहीनंबी तेच इचारलं, तीनदा. न्हाई सोडलं तर? मी तिन्ही येळा सांगितलं, सोडत्यात. तिसऱ्यांदा ती उठली आन् हळद कुटाय निघून गेली. मला वाटलं, पटलं.

हळद थाटात झाली. लग्नादिवशी सकाळी सहाला तिनं सवता पिवळ्या फडक्यात सगळं गुंडाळून पोराच्या कमरेला सदऱ्याखाली बांधलं. सात गाठी मारल्या. परत येस्तवर कुणी सोडायचं न्हाई म्हणाली. मला बाजूला घिऊन सांगितलं, गेटावर तू काय बोलू नगंस, गप ऱ्हा. मी मान हलवली. बायकामाणसांना असली कामं कळत न्हाईत, असं मी मनात म्हणालो. आता ते म्हणायचीबी लाज वाटती.

विश्रामबागला सव्वाआठला पोचलो. गेटावर ही मोठी रांग. क्रांती नावाची पोलीस पोरगी, छातीवर पाटी व्हती, हातात यंत्राचा दांडका घिऊन एकेकाला तपासत व्हती. ऋषिराजचा नंबर आला. ती दांडका उचलणार, तेवढ्यात मी पुढं झालो, टाचा जुळवल्या आन् खणखणीत आवाजात सांगितलं, "म्याडम, पोराच्या कमरेला सुरी हाय. मी आधीच सांगतो."

रांग दहा फूट मागं गेली. एक पोरगी किंचाळली. क्रांतीनं शिट्टी फुंकली, आन् ऋषिराज हात वर करून हुबा, कपाळाला हळद, कानामागं हळद. मी रीतभात समजावून सांगाय लागलो, घोड्याच्या लाथेपातुर आलो, पर कोण ऐकतंय. पाच मिनटं गेली. ती म्हणाली, काका, तुमीच सोडा त्या गाठी, माझ्यासमोर, हळूहळू. राहीच्या गाठी त्या. तिसऱ्या गाठीला दात लावलं. ऋषिराज मला शिव्या देत न्हवता, तेच लय वाईट. एवढंच म्हणाला, "मामा, माझा शेवटचा पेपर हाय वो." ह्या पोराचं आयुष्य मी माझ्या तोंडानं बुडवलं, असं वाटाय लागलं.

सातवी गाठ सुटली. फडक्यात एक हळकुंड व्हतं. वाकडं, चार बोटांचं, आन् त्याला दोऱ्यानं बांधलेलं ते बारीक लिंबू.

क्रांतीनं हळकुंडावर दांडका फिरवला. यंत्र गप. पोराच्या अंगावर फिरवला. तरी गप. तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की फौजेतली सगळी पदकं काढून तिच्या हातात द्यावी वाटली. पर पोराला म्हणाली, "पळ. दोन मिनटं हाईत." ऋषिराज पळाला. तो आत गेला आन् मागनं गेट लागलं.

मी झाडाखाली जाऊन फोन लावला. तवा रागच व्हता, एवढा आटापिटा करून सुरी केली आन् हिनं मलाच येड्यात काढलं. इचारलं, सुरी कुठाय? तिकडं भांडी वाजत व्हती. मंग ती बाजूला झाली असंल, आवाज बारीक झाला.

"माझ्या कमरेला हाय, दादा. वाईट नदर येती ती सुरी हुडकत येती, सुरी असंल त्याच्यावरच पडती. मंग येऊ दे की माझ्याकडं. पोराचा पेपर जायाला नगं."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. विश्रामबागच्या भर रस्त्यात शिलाई मारायला सोफा घिऊन चाललेला एक टेम्पो थांबला आन् डायवर इचारतोय, काका, काय झालं.

दीडला घरी पोचलो. पेपर चांगला गेला, तीन सवाल सोडलं, बाकी सगळं लिव्हलं असं पोरगा वाटंत दहादा बोलला. मांडवातल्या बायकांनी आमाला हसत हसत सगळं सांगितलं. राही सकाळपासनं एकदाबी खाली बसली न्हवती. सुरी पोराच्या कमरेच्या मापाची, बसलं-वाकलं की तिला टोचायची. जेवली हुब्यानं. वाकायचं काम आलं की दुसरीला हाक मारायची. अंगणात वरातीचं घोडं आलं तवा ती मुद्दाम जाऊन त्याच्या मागं हुबी ऱ्हायली, आन् घोडेवाल्यानं दोनदा हाकललं तरी हलली न्हाई.

ऋषिराज देवघराच्या खोलीत गेला. तिनं पेपरचं इचारलं, आन् मंगच कमरेची सुरी काढली, पाटावर ठिवली. त्यानं ती उचलली. ती म्हणाली, आता वाईच टेकते, मला च्या आणा कुणीतरी. भिताडाला पाठ लावली, आन् च्या यायच्या आत तिचा डोळा लागला.

नवरदेव सुरी हातात घिऊन तिच्याजवळ बसून ऱ्हायला. भाईर वाजंत्री आलं, फोटोवाला आला, मेढ्याचं पावणं आलं, सगळ्यांना नवरदेव पायजे व्हता. मी दारात हुबा व्हतो. पाच वाजेस्तवर कुणालाबी आत सोडलं न्हाई, आन् कशापायी ते कुणालाबी सांगितलं न्हाई.