एकेक प्लेट उतरताना

वजन विचाराल तर वीस किलो. वय मात्र नक्की सांगता येत नाही. मित्रांनो, मी व्यायामशाळेतला एक जुना रॉड आहे. माझ्या दोन्ही टोकांना लोखंडी प्लेटा चढवतात आणि माणसे मला उचलतात.

ही व्यायामशाळा चालवणाऱ्या वस्तादांनी मला विकत घेतले आणि खांद्यावर टाकून तीन जिने चढवून इथे आणले. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, कपाळाला हात लावला. "घरातल्या पलंगाला धड चार पाय नाहीत, आणि तुम्ही हे लोखंड आणताय!"

ते दिवस भरभराटीचे होते. वस्ताद शंभर किलो सहज उचलत. शिकवतही छान. "अंग इथे वाढत नाही रे," ते पोरांना सांगत. "इथे ते दमतं. वाढतं घरी, पोटभर जेवून झोपल्यावर. शरीर स्वतःच टेस्टोस्टेरॉन बनवतं. तो गवंडी समजा. व्यायाम म्हणजे त्याला दिलेलं काम. दोघं मिळून भिंत चढवतात, पण विटेवर वीट. घाई केली की कोसळते."

त्यांच्या लाडक्या शिष्याला सगळे हत्ती म्हणत. त्याला घाई झाली. त्याने चोरून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेतली आणि चार महिन्यांत त्याच्या सदऱ्याच्या बाह्या उसवल्या. वस्तादांना कळले तेव्हा त्यांनी सर्वांसमोर त्याला दार दाखवले. "उसनं अंग घेऊन माझ्याकडे येऊ नकोस." हत्ती मान खाली घालून गेला. पुढे त्याने समोरच्याच रस्त्यावर मोठ्या आरशांची व्यायामशाळा काढली. आमच्याकडची बरीच माणसे तिकडे गेली.

वर्षे सरली. वस्तादांना चौसष्टावे लागले. एका दुपारी ते माझ्याजवळच्या बाकावर बसले आणि काकूंना म्हणाले, "प्रोस्टेटचा कर्करोग आहे म्हणाले डॉक्टर. टेस्टोस्टेरॉनवरच तो पोसतो. म्हणून औषध देऊन तेच बंद करणार."

"मग बरं वाटेल ना?"

"रोखून धरता येईल म्हणतात. अंग मात्र झडेल. व्यायाम सोडला नाही, तर जरा सावकाश झडेल."

जरा सावकाश! त्या दोन शब्दांसाठी वस्ताद रोज सकाळी माझ्यापुढे उभे राहू लागले. शंभराचे ऐंशी झाले, ऐंशीचे साठ. औषधाने मध्येच त्यांच्या अंगाची लाही होई. मग खिडकी उघडून ते घाम पुसत उभे राहत. काकूंनी त्यांच्या सदऱ्यांच्या बाह्या दोनदा आत घेतल्या. दंड काडीसारखे झाले आणि पोट सुटले. "वस्ताद, हलकंच चाललंय आज!" असे कोणी म्हटले की ते हसत. दुखणे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. आरशावर त्यांनी जुने कॅलेंडर टांगले.

आणि मग त्यांनी हत्तीला बोलावले.

हत्तीचेही केस पिकले होते. वस्ताद त्याच्याकडे न बघता म्हणाले, "तू घ्यायचास ते इंजेक्शन मला आणून दे."

तिसऱ्या दिवशी त्याने बाटली आणली. बाकावर ठेवली, पण गेला नाही. "वस्ताद, एकदा तरी म्हणायचंत, की माझे दंड चांगले दिसतात."

"दिसायचे रे. फार छान दिसायचे."

हत्तीने तोंड फिरवले. तेवढ्यात काकू डबा घेऊन आल्या. त्यांनी बाटली उचलून डोळ्यांजवळ नेली आणि एकेक अक्षर लावून वाचली. "त्या दुखण्याला हे खाऊ घालणार तुम्ही?"

"कसलं दुखणं?" हत्तीने विचारले.

काकूंनी सांगितले. हत्तीने त्यांच्या हातातून बाटली घेतली.

"ठेव ती!" वस्ताद ओरडले. "आज सकाळी नुसता रॉड उचलेना मला. एक प्लेट नव्हती त्याला. नुसता रॉड!"

हत्तीने बाटली मोरीत रिकामी केली. वस्तादांनी माझ्यावर कपाळ टेकवले आणि ते रडले. इतक्या वर्षांत माझ्यावर घाम खूप सांडला होता, अश्रू पहिल्यांदाच.

"मला तुमचे दंड नकोत हो," काकू म्हणाल्या. "तुम्ही असा म्हणजे झालं."

"मी म्हणजे तेच होतो गं."

काकूंनी डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला.

पुढे दुखणे पाठीच्या कण्यात उतरले. औषध घेऊन, व्यायाम करून, बाटली मोरीत ओतूनही उतरले. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. मग जिनाही बंद झाला. एकदा हत्तीने त्यांना पाठुंगळी घेऊन वर आणले. तो धापाही टाकत नव्हता, इतके ते हलके झाले होते. वस्तादांनी मला लांबूनच पाहिले. हात लावला नाही. पंधरा दिवसांनी ते गेले.

आमची व्यायामशाळा बंद झाली आणि हत्तीने मला नेले; आता मी त्याच्या व्यायामशाळेत जिन्याखाली पडून आहे. गंजलो आहे, थोडा वाकलोही आहे. पलीकडे कोणी जास्तीची प्लेट चढवली की टाळ्यांचा आवाज येतो. मित्रांनो, मला तेलपाणी नको, पण एवढे ऐका. माणूस प्लेट चढवतो तेव्हा सगळे भोवती जमतात. तोच माणूस एकेक प्लेट उतरवू लागला, की प्रत्येकाला आपापले काम आठवते. तुम्ही तेव्हा जाऊ नका. हसू तर नकाच. काय झाले, असे विचारा आणि त्याच्या रॉडचे एक टोक धरा. त्याने तो वाचेल असे मी सांगत नाही. वस्ताद वाचले नसते. पण इतके महिने ते रोज सकाळी एकटेच उचलत होते, आणि मला तर हात नाहीत.