पाचच्या आधीचे चार ठोके

धडामने ड्रम वाजवणं सोडून नऊ वर्षं झाली होती, पण बँडमध्ये पडलेलं हे नाव काही त्याला सोडत नव्हतं. बँड फुटला, उजवा खांदा कामातून गेला, तेव्हा तो बायकोच्या माहेरच्या टेकडीवर येऊन शेळ्या पाळू लागला. पहिलं वर्षभर शेळ्यांनीच त्याला पाळलं, असं बायको म्हणे. पुढे जवळच्या रेडिओ केंद्राला शेतीवर बोलणारा माणूस हवा होता. धडामला शेती निम्मीच येत होती, पण माइकची भीती मुळीच नव्हती. काम मिळालं.

कार्यक्रम रोज संध्याकाळी पाचला. आता गंमत अशी, की ड्रमवाल्याला मोजल्याशिवाय काही सुरू करता येत नाही. दोन काठ्या चार वेळा एकमेकींवर आपटायच्या, की सगळा बँड एकदम उडी घेणार! ती खोड रेडिओवरही आली. लाल दिवा लागला की पेन्सिलीने टेबलावर टक, टक, टक, टक. मगच "नमस्कार मंडळी!"

एकदा त्याने सांगितलं, "गोठ्यात रेडिओ लावून ठेवा. माणसाच्या आवाजाची सवय झाली, की जनावरं बुजत नाहीत." लोकांनी ऐकलं. त्याच्या बायकोने तर गोठ्याच्या दारावर भोंगाच टांगला.

मग केंद्रावर नव्या प्रमुख बाई आल्या.

"काका, ते ठोके बंद. मशीन बिघडल्यासारखं वाटतं."

"बाई, त्याशिवाय माझी गाडी सुरू होत नाही हो."

"मग गाडीच बदलू. उद्या मी काचेपलीकडे बसणार. एकदा जरी टक ऐकू आलं, तर परवापासून तुमच्या जागी संगीत."

धडाम हसला नाही. ड्रम गेले तेव्हा त्याने मन घट्ट केलं होतं. पण आपलं कोणी ऐकतंय असा हा अर्धा तासच उरला होता. तोही गेला, तर बोलायचं कुणाशी? शेळ्या तर बोलण्याच्या मधेच उठून जातात.

"हात मांडीखाली घेऊन बसा," बायको भोपळा चिरता चिरता म्हणाली. "शाळेत मास्तर बसवायचे तसे."

दुसऱ्या दिवशी तो खरंच तसा बसला. लाल दिवा लागला. बाई काचेतून पाहत होत्या. धडामने तोंड उघडलं आणि बँडच्या आधीच उडी मारल्यासारखा धडपडला.

"नमस्कार मंडळी! कांद्याच्या रोपांना लस टोचून घ्या, आणि करडं वीतभर अंतरावर लावा..."

बाईंनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात फोन वाजला. तो ऐकून त्यांनी घाईघाईने एक गाणं सोडलं आणि फोन घेऊन आत आल्या.

"तुमच्या घरून आहे."

"अहो," बायकोचा आवाज खोलीभर ऐकू आला, "रेडिओवर तुम्हीच आहात ना? शेळ्या कुंपणाशी उभ्या आहेत. वैरण टाकली, हाका मारल्या, ढिम्म हलत नाहीत!"

घरचा फोन चालूच होता, तोवर बाहेरच्या फोनवर दुसरा, तिसरा, सातवा. खालच्या मळ्यातली म्हातारी, पुलापलीकडचा दूधवाला, सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच. वर्षभर चार ठोके पडले की वैरण पडत होती. आज ठोके नाहीत, म्हणजे शेळ्यांच्या लेखी अजून पाच वाजलेच नव्हते.

"मीच करते," म्हणत बाईंनी गाणं थांबवलं, पेन्सिल उचलली आणि माइकजवळ टकटकटक केलं.

घरून लगेच उत्तर आलं, "वळल्या! अर्ध्या वाटेवर आल्या. पण थांबल्या."

"बाई, चौथा राहिला," धडाम हळूच म्हणाला. "आणि घाई नको. मनात मोजा. दोन ठोक्यांमध्ये एक पाऊल टाकता येईल, इतकी जागा सोडा. हं, आता."

बाईंनी श्वास घेतला. टक. टक. टक. टक.

फोनमधून आधी खुरांचा आवाज आला, मग बायकोचा. "आल्या गं बाई सगळ्या! पण अहो, आज ठोके कुणी दिले? बोकड दारात थांबून भोंग्याकडे बघत होता."

"नवीन माणूस आहे," धडाम म्हणाला.

बाईंनी पेन्सिल त्याच्यापुढे ठेवली. "उद्यापासून तुम्हीच द्या, काका." दारापर्यंत जाऊन त्या परत वळल्या. "रविवारी मी दिले तर चालतील का?"

"बोकडाला विचारून सांगतो," धडाम म्हणाला, आणि मांडीखालचे हात काढून मोकळे केले.