फुलाखालचा फोटो

रतनबाई भोरला मुलींच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवायची. एकोणीसशे अडतीस साली चैत्रात शाळेच्या मोठ्या बाई, अंबूबाई, निवृत्त व्हायच्या होत्या. निरोपाला त्यांना एक चिकटवही द्यायचं ठरलं. प्रत्येक शिक्षिकेनं एक पान सजवायचं. बाकीच्यांनी देवांची चित्रं नि सुविचार चिकटवले. रतनबाईला मात्र पान उघडल्याबरोबर समोर बाग उभी राहावी असं वाटत होतं.

म्हणून तिनं कोंडाबाईला बोलावलं. कोंडाबाई हिर्डोशीची. लगीनसराईत महिनाभर भोरात भावाकडं राहायची आणि बाशिंगं करून विकायची. पतंगी कागदाची तिच्या हातची फुलं लांबून खरीच वाटायची. चार दुपारी ती शाळेत आली. कागदाची पट्टी घडी घालून कशी कातरायची, पाकळीची कड नखानं कशी वळवायची, खराट्याच्या काडीवर फूल कसं गुंडाळायचं, सगळं तिनं दाखवलं. तळाला जाड पुठ्ठा, त्यावर हिरवा घोटीव कागद, त्यावर कातरलेली जाळी आणि सगळ्यात वर फुलं, अशी पानाची मांडणी रतनबाईनं केली.

चौथ्या दिवशी कोंडाबाईनं कनवटीची पुरचुंडी सोडून एक फोटो काढला.

"ही माजी ठकू. लग्नात पुण्याचा फोटूवाला आला हुता. ह्या बाशिंगाची फुलं बगा, आशी दाटीनं लावायची. बगून झाल्यावर द्या माघारी. पोर ऱ्हायली न्हाई, येवढंच ऱ्हायलंय."

ठकू पहिल्याच बाळंतपणात गेली होती, हे रतनबाईला ठाऊक होतं. तिनं फोटो दोन्ही हातांनी घेतला.

त्या संध्याकाळी जाळी चिकटवून झाल्यावर तिनं पानावर जाड पुस्तकं रचली आणि घरी गेली. फोटो टेबलावर त्याच पुस्तकांपाशी पडला होता. घाईत पुस्तकांबरोबर तोही पालथा ओल्या खळीवर दाबला गेला, हे तिला सकाळी पुस्तकं उचलल्यावर कळलं. तिनं हलक्या हातानं तो सोडवायला घेतला. साडी सुटली, हात सुटले, पण चेहरा पानालाच राहिला, आणि तोही खरवडल्यासारखा. नाक-डोळे काही उरले नव्हते.

तिला तो फेकवेना, जाळवेना. निरोपाचा समारंभ त्याच दिवशी होता. तिनं उरलेला तुकडा होता तिथंच सुलटा करून परत चिकटवला आणि त्यावर सगळ्यांत मोठं गुलाबी फूल बसवलं.

समारंभात रतनबाईच्या पानाचं सगळ्यांनी कौतुक केलं. अंबूबाईंनी त्या फुलावरून बोट फिरवलं तेव्हा रतनबाईनं मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी कोंडाबाई आली. "बाई, फोटू?"

रात्रभर रतनबाईनं खरं सांगायचं ठरवलं होतं. तोंडातून भलतंच निघालं. "मी परवाच तुमच्या पिशवीत ठेवला की."

"व्हय?" कोंडाबाई गोंधळली. तिनं तिथंच पिशवी उलटी केली. कात्री, दोरा, बेगडीचे तुकडे. "कुठं ठिवला हुता?"

"बेगडीच्या पुडीखाली."

कोंडाबाईनं पुडी पुन्हा उलगडून पाहिली. "मंग माज्याच हातनं पडला आसंल," ती म्हणाली आणि गेली.

पुढचे तीन दिवस रतनबाईला वर्गाच्या खिडकीतून ती दिसत राहिली. शाळेपासून बाजारापर्यंतच्या रस्त्यावर वाकून, गटाराच्या कडेनं, काडीनं कचरा उकरत. एकदा तिनं वर पाहिलं आणि रतनबाईला हात जोडले. रतनबाईनं फळ्याकडं तोंड फिरवलं. चौथ्या दिवशी कोंडाबाई दिसली नाही. तिचा भाऊ म्हणाला, "गेली गावाला. ऐन लगीनसराईत. बाशिंगं तशीच टाकून."

त्याच दुपारी रतनबाई अंबूबाईंच्या घरी गेली आणि सगळं सांगितलं. अंबूबाईंनी ऐकून घेतलं. चिकटवही आणली, पातं घेतलं आणि ते पान मुळापासून कापून तिच्या हातात दिलं.

"हे मला नको," त्या म्हणाल्या. "आणि आता आणखी दिवस घालवू नकोस."

सकाळी महाडकडं जाणाऱ्या मोटारीतून ती हिर्डोशीच्या वाटेवर उतरली. पान तिनं उपरण्यात गुंडाळलं होतं. कोंडाबाई अंगण सारवत होती.

"बाई? तुमी हितं?" तिनं हात धुतले, पाण्याचा तांब्या आणला. रतनबाईनं पाणी घेतलं नाही. ती तिथंच बसली, पान उलगडलं आणि गुलाबी फूल उचकटलं.

"तुमच्या हातून नाही पडला. माझ्या हातून खराब झाला. मी खोटं बोलले."

कोंडाबाईनं पान उन्हात धरलं. चेहऱ्याच्या जागी पांढरा धब्बा होता. खाली मात्र ठकूचे चुडा भरलेले दोन हात शाबूत होते. तिनं त्या हातांवरून बोट फिरवलं.

"तोंड माज्या ध्यानात हाय," ती म्हणाली. "त्येला फोटू कशाला. पर पोरीला म्या रस्त्यावर टाकलं म्हणून तीन दिस माज्या नरड्याखाली घास उतरला न्हाई. तुमी खिडकीतनं बगत हुता बाई. म्या हात जोडलं तवा तरी सांगायचं."

 माफी मागायची म्हणून रतनबाई पाया पडायला वाकली, तशी कोंडाबाई पाय मागं घेऊन उभी राहिली.

"ते नगं. मोटार दुपारी माघारी फिरती. आत्ता निगा, न्हाईतर चुकंल."

पान तिनं घरात नेलं.

पुढच्या लगीनसराईत कोंडाबाई भोरला आली. बाजारात रतनबाई समोर आली तेव्हा तिनं ओळख दिली, बरं आहे का विचारलं. शाळेच्या आवारात मात्र तिनं पुन्हा पाऊल टाकलं नाही. मुलींना फुलं शिकवायला कुणाला बोलवू का, असं नव्या मोठ्या बाईंनी विचारलं, तेव्हा रतनबाई म्हणाली, "मला येतात, मी शिकवते." मग ती वर्गात गेली, आणि पहिली पट्टी कातरण्याआधी हे आपण कोंडाबाईकडून शिकलो, असं तिनं मुलींना सांगितलं. पुढचं मात्र तिला सांगवलं नाही.